वारुळावरची अळंबी आणि कुरणातली छत्री

मृगाचा पाऊस होऊन गेला, आर्द्रा-पुनर्वसूने जमीन पोटापर्यंत भिजली, की एखाद्या सकाळी माळावर, बांधावर, गोठ्यामागे पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिलेल्या दिसतात. काल संध्याकाळी तिथे काही नव्हते. पोरे सूप-टोपली घेऊन धावत सुटतात आणि दुपारपर्यंत घरोघरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा वास दरवळू लागतो. वर्षातून चार-दोन वेळाच ताटात येणारी ही भाजी. विकत घ्यायची म्हटली तर खिशाला चटका बसतो, आणि शेताच्या बांधावर मिळाली तर फुकट. तिची वाट पाहणारी माणसे कोकणात, गोव्यात, सह्याद्रीच्या कुशीत आणि विदर्भाच्या जंगलपट्टीत घराघरांत आहेत.

पण वाचकहो, त्याच आठवड्यात, त्याच गावच्या शिवारात आणखी एक पांढरी छत्री उगवते. दिसायला तितकीच देखणी, अंगाने थोडी थोरच. ती पोटात गेली तर दोन-तीन तासांत सारे घर अंथरुणाला खिळते. मोठी माणसे चार दिवसांत उठून बसतात, पण लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. या दोघींना शेजारी शेजारी ठेवून नीट ओळखून घ्यावे, यासाठी आजचा हा लेख.

ही ओळख पूर्वी घरातच मिळत असे. आजी-सासूबरोबर रानात गेलेली सून दोन पावसाळ्यांत शिकून तयार व्हायची. आता जुनी माणसे थकली, तरुण मंडळी नोकरीधंद्याला बाहेर पडली, आणि रानात जातात ती सुट्टीवर आलेली मुले. शिवाय बाजारात वाटे मांडलेले असतात. त्या वाट्यातल्या अळंब्यांचे देठ खुडलेले असतात आणि ओळखीच्या निम्म्या खुणा रानातच राहिलेल्या असतात. म्हणून या खुणा आता लिहून, वाचून का होईना, जपायला हव्यात.

वाळवीच्या शेतातले पीक

वारुळावर येणारी अळंबी ही खरे म्हणजे वाळवीने केलेल्या शेतीचे पीक आहे. हे ऐकून हसू येईल, पण गोष्ट अगदी खरी आहे. वाळवी गवत, पालापाचोळा, वाळके लाकूड कुरतडून वारुळात नेते. तो चोथा तिला नीट पचत नाही. मग ती आपल्या विष्ठेची, मधमाशांच्या पोळ्यासारखी, सच्छिद्र, करड्या-तपकिरी रंगाची पोळी रचते आणि तिच्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते. बुरशी त्या चोथ्यातला कठीण भाग मऊ करते आणि तिच्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे येतात. हे दाणे आणि मुरलेली पोळी हे वाळवीचे अन्न. म्हणजे पेरणी, खत, निंदणी आणि काढणी हे सारे वारुळात चालते. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने या दोघींची भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. माणसाची शेती त्यापुढे कालपरवाची.

पावसाने वारूळ ओले झाले की ही बुरशी पोळीवरून एक कोंब वर पाठवते. तो मातीतून वाट काढत जमिनीवर येतो आणि छत्री उघडतो. तीच आपली अळंबी. या कुळाला टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये दिले. आपल्या देशात त्याच्या अनेक जाती सापडतात. त्यांपैकी एका जातीचे वर्णन के. नटराजन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले आणि हाइम यांच्या सन्मानार्थ तिला टर्मिटोमायसिस हायमी असे नाव दिले. आपण आज तिलाच समोर ठेवू. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिकडे ही रोयणीची अळमी. आपल्याकडे कोणी अळंबी म्हणतात, कोणी अळिंबे.

हिचे रूप असे. छत्री पांढरी ते फिकट राखाडी, गुळगुळीत, आणि बरोबर मध्यभागी घट्ट उंचवटा. कळी असताना हा उंचवटा नांगराच्या फाळाच्या टोकासारखा असतो, कारण कठीण माती फोडून वर येण्याचे काम त्यालाच करायचे असते. छत्री उलटी केली की पुस्तकाच्या पानांसारख्या दाट पात्या दिसतात. त्या आधी पांढऱ्या आणि जून झाल्यावर किंचित गुलाबी छटेच्या होतात. देठ भरीव आणि तंतुमय. या जातीच्या देठाला वरच्या बाजूला जाडसर कडे असते, पण ते देठाला घट्ट चिकटलेले असते, वर-खाली सरकत नाही.

आणि सर्वांत मोठी खूण मातीखाली असते. देठ जमिनीशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली खाली जातो, तो थेट वारुळातल्या पोळीपर्यंत. पोळी वर असेल तर हे मूळ वीतभर, खोल असेल तर हातभर किंवा त्याहूनही लांब.

कुरणातली छत्री

आता दुसरी. हिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. तुम्ही तिला हिरव्या पात्यांची छत्री म्हणा, म्हणजे नावातच खूण राहील. तिला वाळवीशी काही देणेघेणे नाही. ती कुजणाऱ्या पदार्थांवर जगते. म्हणून गुरांच्या कुरणात, शेणखत पडलेल्या जमिनीत, उकिरड्याच्या कडेला, शाळेच्या किंवा देवळाच्या हिरवळीवर, बागेतल्या गवतात ती दिसते. पुष्कळदा ती गोल रिंगण करून उगवते, जणू कोणी मुलांना फेर धरून उभे केले आहे.

छत्री पांढरी, पण तिच्यावर तपकिरी खवले असतात आणि मध्यभागी तपकिरी ठिगळ. कळी असताना ती अंड्यासारखी किंवा ढोलाच्या काठीच्या टोकासारखी गोल असते. पूर्ण उघडली की ताटलीएवढी रुंद होते. देठाला पातळ कडे असते आणि ते बोटातल्या सैल अंगठीसारखे वर-खाली सरकवता येते. देठाचे बूड किंचित फुगलेले असते आणि तिथेच देठ संपतो. खाली पांढरे तंतू काय ते असतात, लांब मूळ नसते. पात्या मात्र फसव्या. कोवळेपणी त्या पांढऱ्या शुभ्र असतात आणि जून होत गेल्या की त्यांच्यावर हिरवट, मग राखाडी-हिरवट रंग चढतो.

इथेच घात होतो. घरी आणतो आपण कोवळ्या, न उमललेल्या अळंब्या, कारण त्याच चवीला चांगल्या. आणि कोवळेपणीच ही बया आपला हिरवा रंग झाकून बसलेली असते. पात्या पांढऱ्या दिसल्या म्हणजे अळंबी चांगली, असे म्हणणारा माणूस बहुधा याच ठिकाणी फसतो.

पाच पायऱ्यांची पारख

मी गेली कित्येक वर्षे विस्तार कामासाठी गावोगाव फिरतो. एका डोंगराळ गावात अळंबी काढणाऱ्या आजीबाई भेटल्या. प्रत्येक छत्रीच्या बुडाशी त्या काठीने माती उकरून बघत आणि मगच ती सुपात टाकत. मी विचारले, "आजी, वरून तर सगळ्या सारख्याच दिसतात, मग एवढा खटाटोप कशाला?" त्या म्हणाल्या, "साहेब, वरून देखणी सगळीच असतात. मूळ बघितल्याशिवाय सोयरीक करू नये." शास्त्राच्या पुस्तकात चार पाने लागतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यांचीच रीत पुढे नेऊन मी पाच पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, जागा. इथे वारूळ आहे का? दर वर्षी याच जागी याच दिवसांत अळंबी येते का? घरातल्या जाणत्या माणसाला ही जागा ठाऊक आहे का? कधी कधी वारूळ जमिनीच्या वर दिसत नाही, ते पोटात असते, तेव्हा जागेची जुनी ओळख फार उपयोगी पडते. शेणकुराच्या जागी, हिरवळीवर, रिंगणात उगवलेली छत्री घेऊ नका.

दुसरी पायरी, मूळ. देठ धरून ओढू नका. वारुळावरच्या अळंबीचे मूळ ओढल्याने मध्येच तुटते आणि पुरावाच नाहीसा होतो. काठीने किंवा खुरप्याच्या टोकाने बाजूची माती हलक्या हाताने सारा आणि देठ खाली जात राहतो की गाठीसारखा संपतो ते पाहा. बुडाशी पिशवी किंवा वाटीसारखे वेष्टन दिसले, तर त्या छत्रीला पुढे तपासायचीही गरज नाही, ती तिथेच सोडा. मात्र उकरण्यासाठी बिळात हात घालू नका. पावसाळ्यात वारुळाच्या भोकात नाग-साप आसरा घेतात.

तिसरी पायरी, छत्रीचा माथा. टोकदार घट्ट उंचवटा आहे की नुसते तपकिरी ठिगळ? खवले आहेत का? जोराच्या पावसाने खवले धुऊन गेलेले असू शकतात, म्हणून खवले नाहीत एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

चौथी पायरी, कडे. ते घट्ट आहे की सरकते? सरकते असेल तर टाकून द्या. कडे नसेल तर त्यावरून काहीच ठरवू नका, कारण ते गळूनही पडते.

पाचवी पायरी, बीजाणूंचा ठसा. एक उमललेली छत्री घ्या, देठ कापा, आणि पात्या खाली येतील अशी ती कागदावर ठेवा. अर्धा कागद पांढरा व अर्धा काळा असावा. काळ्याच्या जागी मुलाची पाटी चालेल. वरून वाटी झाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी पात्यांमधून पडलेल्या भुकटीचा ठसा उठलेला दिसेल. हिरव्या पात्यांच्या छत्रीचा ठसा मळकट हिरवा येतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी-मलई रंगाचा येतो. ठसा हिरवट आला तर सारा वाटा फेका. निव्वळ पांढरा आला तरीही फेका. आणि गुलाबी ठसा म्हणजे खाण्याचा परवाना नव्हे, कारण काही विषारी छत्र्यांचा ठसाही गुलाबी असतो. पाचही पायऱ्या जुळल्या आणि जाणत्या माणसानेही होय म्हटले, तरच भाजी चुलीवर चढवायची. एकही पायरी चुकली तर नाही.

वारुळाजवळ नखाएवढ्या बारीक अळंब्यांचे शेकडोंनी ताटवे येतात. त्याही याच कुळातल्या, पण त्यांना लांब मूळ नसते. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळीच्या चुऱ्यावर त्या उगवतात. त्यांना वरची पारख पुरी पडत नाही. पिढ्यान् पिढ्या त्या खाणारे माणूस बरोबर असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

या कसोट्यांवर विसंबू नका

गावोगाव काही कसोट्या सांगितल्या जातात. शिजवताना चांदीचे नाणे टाकावे, ते काळे पडले तर विष. लसूण किंवा कांदा टाकावा, रंग बदलला तर विष. किड्यांनी, गोगलगाईने खाल्लेली अळंबी चांगली. छत्रीची साल सोलता आली तर चांगली. मीठ, चिंच घालून उकळली की विष उतरते.

यांतली एकही कसोटी खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी, भूछत्राच्या विषाने नव्हे. जे किड्याला पचते ते माणसाला पचेलच असे नाही. आणि उकळल्याने, वाळवल्याने किंवा पाणी फेकल्याने न जाणारी विषे भूछत्रांमध्ये असतात. ही कसोटी उलट घातक ठरते, कारण नाणे चकचकीत राहिले की घरची माणसे निर्धास्तपणे जेवतात.

उशिरा कळणारे विष

आता तिसरीविषयी दोन शब्द, कारण तिचे नाव न घेणे म्हणजे तुमची फसवणूक होईल. ॲमानिटा नावाच्या कुळातल्या काही छत्र्या प्राणघातक आहेत. त्यांच्या पात्या पांढऱ्या, ठसा पांढरा, देठाला कडे आणि बुडाशी पिशवीसारखे वेष्टन असते. मघाशी पिशवी दिसताच सोडा म्हटले आणि पांढरा ठसा फेका म्हटले, ते यांच्यासाठीच.

हिरव्या पात्यांची छत्री खाल्ली तर बहुधा एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. कधी जुलाबात रक्तही पडते. त्रास भयंकर, पण लवकर कळतो, म्हणून उपचारही लवकर होतात. प्राणघातक ॲमानिटाचे तसे नाही. तिची लक्षणे साधारण ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबून एखादा दिवस माणूस बरा वाटतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली भूछत्रे खाऊन १३ माणसे दगावली. त्यांत चहाच्या मळ्यांतली कुटुंबे होती आणि लहान मुलेही होती. म्हणून ‘आता उतार पडला’ असे म्हणून कोणालाही घरी ठेवून घेऊ नका.

पोटात गेलेच तर

वेळ दवडू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांना न्या, त्रास होत नसला तरीही. किती वाजता खाल्ले आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. उरलेली भाजी, देठ, सोलपटे, टाकून दिलेली छत्री जे सापडेल ते कागदात गुंडाळून बरोबर घ्या, कारण त्यावरून विषाचा अंदाज येतो. रोगी शुद्धीवर असेल आणि पाणी पोटात ठरत असेल, तर वाटेत जलसंजीवनी घोट घोट पाजा. मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका.

वारूळ राखा, अळंबी राहील

अळंबीच्या ओळखीबरोबर तिचे घरही सांभाळायला हवे. वाळवी उसाची, फळबागेची, घराच्या वाशांची शत्रू आहे, हे मला नाकारायचे नाही. पिकात वाळवी लागली तर उपाय करावाच लागतो. पण बांधावरचे, माळावरचे, पिकापासून लांब असलेले वारूळ उगाच पहारीने फोडू नका आणि त्यात औषध ओतू नका. वाळवी मेली की तिची बुरशीही जाते, आणि त्या जागची अळंबी कायमची संपते. ज्या वारुळात किंवा लगतच्या शेतात विषारी औषध पडले आहे, तिथली अळंबी खरी असली तरी खाऊ नका. भूछत्रे जमिनीतली नको ती द्रव्ये अंगात ओढून घेतात.

आणखी एक गोष्ट. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे झुंबड करतात ना, ते वाळवीचेच नर-माद्या. पंख झडले की त्यांतली जोडपी जमिनीत शिरून नवे वारूळ मांडतात. काही आठवड्यांनी त्यांच्या पिल्लांपैकी कामकरी वाळवी बाहेर पडते, तेव्हा तिला नव्या शेतीसाठी बियाणे लागते. ते बियाणे म्हणजे उमललेल्या अळंबीतून गळालेले बीजाणू. पाऊस, किडे आणि अळंबी यांची वेळ निसर्गाने अशी जुळवून ठेवली आहे. आपण कळ्यांसकट सगळ्या छत्र्या खुडून नेल्या, तर बियाणे पडायचे कुठून? म्हणून प्रत्येक जागी थोड्या अळंब्या पुरत्या उमलू द्या आणि तिथेच सोडा. उकरलेली माती पुन्हा सारखी करा. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही, हा आपला जुना रिवाज ऐन अळंबीच्या दिवसांत वारुळाला विसावा देतो.

ही अळंबी घरी लावता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. नाही. वाळवीवाचून तिचे पीक घेणे अजून कोणाला साधलेले नाही. ज्यांना अळंबीची आवड आहे किंवा चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांनी धिंगरी लावावी. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून, पिशवीत बियाणे भरून ती घरच्या अंधाऱ्या, ओलसर खोलीत येते, आणि ती ओळखण्याची भानगडच राहत नाही. बियाणे आणि शिक्षण कृषी विद्यापीठात व कृषी विज्ञान केंद्रात मिळते. हिमाचल प्रदेशात सोलन येथे अळंबीवर संशोधन करणारी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे, तिचे ज्ञान या केंद्रांमार्फत आपल्यापर्यंत पोहोचते.

यंदा पाऊस पडला की घरातल्या जाणत्या बाईबरोबर मुलांना एकदा तरी रानात पाठवा. दोन्ही छत्र्या शेजारी शेजारी ठेवून मूळ, माथा, कडे आणि पात्या त्यांच्या हाताने तपासून घ्या, आणि पाटीवरचा ठसा त्यांनाच उचलून बघू द्या. आणि सुपात एखादीविषयी मनात शंका आली, तर ती एकटी वेगळी काढून भागणार नाही. तिचे तुकडे दुसऱ्यांत मिसळलेले असतात. सगळे सूप खड्ड्यात रिकामे करा आणि त्या दिवशी पिठले-भाकरी खा.